काळी, पांढरी आणि कारागिराचें घर

खेड्यांतील मनुष्यानें राहत्या घरांत धंदा करावा कीं नाहीं, आणि केल्यास कोणास विचारून, हा प्रश्न कायद्याच्या पोथींत फार उशिरा आला. देशावरच्या जुन्या गांवांत घर आणि कारखाना यांच्यामध्यें भिंतच नव्हती. कुंभाराचें चाक अंगणांत फिरे, तेल्याचा घाणा घराशेजारच्या छपरांत चाले, आणि कोष्ट्याचा माग तर घरांतल्याच जमिनींत खड्डा करून बसविलेला असे. पाय खड्ड्यांत आणि पाठीशीं चूल. कांड्या भरणारी बायको आणि सूत उकलणारीं मुलें धरल्याशिवाय त्या धंद्याचा हिशेब लागत नसे.

तथापि नियमच नव्हते असें कोणीं समजूं नये. गांवची भूमि ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी विभागलेली असे. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पांढरीवर कोणीं कोठें राहावें हें जातीनें ठरे, आणि महार-मांगांचीं घरें गांवकुसाबाहेर असत. मेलेल्या ढोरांची व कातड्याची दुर्गंधि हें त्याचें कारण म्हणून सांगण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. पण महाराकडे वेशीची राखण, सारा पोंचविणें, शिवेच्या तंट्यांत साक्ष देणें हींहि कामें होतीं. त्यांस कसली दुर्गंधि? धंद्याची आणि वस्तीची जागा ठरविणारा आपला जुना नियम हा असा होता, आणि तो कोणत्याहि दप्तरांत लिहावा लागला नाहीं.

दप्तरांत जें लिहिलें गेलें तें कराविषयीं. मराठी अमलांत कारागीर व दुकानदार यांजवर ‘मोहतर्फा’ नांवाची पट्टी असे, आणि कंपनी सरकारनेंहि ती पुढें चालविली. मुंबई इलाख्यांत १८४४ च्या १९ व्या कायद्यानें धंद्यांवरील हे कर उठले. सरकार उदार झालें असें वाटेल. परंतु त्याच सालीं मिठावरील कर मणामागें आठ आण्यांवरून एक रुपया करण्यांत आला, सुरतेस दंगा झाला, आणि दर बारा आण्यांवर आणावा लागला. कोष्ट्याच्या मागावरून उतरलेला कर त्याच्याच मिठाच्या मडक्यांत जाऊन बसला होता. सुरतकरांस हें समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं.

खरा फेरबदल १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें झाला. त्याच्या ६५ व्या कलमानें शेतकऱ्यास शेतांत विहीर खणण्याची, शेतीच्या सोयीच्या इमारती बांधण्याची मोकळीक दिली. मात्र शेतजमीन दुसऱ्या कामीं लावावयाची तर कलेक्टरची परवानगी हवी. ती न घेतल्यास ६६ व्या कलमान्वयें जमिनीवरून काढून लावण्यापर्यंत मजल जाई. यांत शेजाऱ्याची झोप किंवा ओढ्याचें पाणी यांचा विचार शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. कलमाचा जीव साऱ्यांत आहे. पिकाच्या मानानें आकारलेल्या जमिनीवर कोणी अधिक मिळवूं लागला, तर सरकारास त्यांतला वांटा हवा होता. याची झळ पिढीगणिक वाढत गेली. पांढरी मोजून ठरलेली, कुटुंबें मात्र वाढणारीं. भाऊ वेगळे झाले आणि धाकट्यानें सुतारकामाचें छप्पर मळ्यांत घातलें, कीं जो धंदा वडिलांच्या ओसरीवर निर्वेध चालला तोच शंभर पावलांवर गुन्हा ठरे.

स्वराज्यांतहि ही रेघ पुसली नाहीं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें गांवठाणांतील बांधकामास पंचायतीची परवानगी आवश्यक केली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें ४२ व ४४ या कलमांत जुन्या ६५ व्या कलमाचाच आशय नव्यानें मांडला. त्याच सालच्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानें नकाशांवर शेतीचे व उद्योगाचे पट्टे आंखण्याची सोय केली. १९९४ सालीं संहितेंत ४४-अ हें कलम घालून, उद्योगाच्या पट्ट्यांत आगाऊ परवानगी नको, काम सुरू केल्यापासून तीस दिवसांत खबर दिली म्हणजे झालें, अशी सवलत ठेवली. सवलत चांगली, पण ती त्या पट्ट्यांत जमीन विकत घेऊं शकणाऱ्याच्या उपयोगाची. मळ्यांतल्या सुताराचें छप्पर नेमकें शेतीच्या पट्ट्यांत.

घरच्या धंद्याकडे जमिनीच्या नव्हे तर हातांच्या बाजूनें पाहणारा कायदाहि १९६६ चाच, विडी व सिगार कामगारांचा. आपल्या घरीं, आपल्याच कुटुंबियांच्या मदतीनें विड्या वळणाऱ्यास त्याच्या ४३ व्या कलमानें मोकळें ठेवलें, पण अट घातली कीं, तो कोणा मालकाचा नोकर नसावा. सिन्नर व सोलापूरकडील विडीवाल्या बायकांचें सारें या अटीवर अवलंबून होतें. पान आणि तंबाखू कारखानदाराची, ओटी मात्र बाईची. तेव्हां ही स्वतंत्र धंदा करते, आमची नोकर नव्हे, असें मालकवर्गाचें म्हणणें. १९७४ सालीं मंगळूर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें कायदा वैध ठरविला, आणि घरीं बसून मालकाच्या विड्या वळणारी बाई ही कामगारच होय, भरपगारी रजा तिलाहि लागू आहे, असा निर्णय दिला.