कर्मचारी नसलेलं जपानी स्टेशन: मग तिकीट कोण तपासतं?

समोर थेट समुद्र, छोटंसं छप्पर आणि खाली एक बाक, असा जपानी स्टेशनचा फोटो तुम्ही इन्स्टावर कदाचित पाहिला असेल. ते शिमोनादा स्टेशन. शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात, १९३५ पासून सुरू. एकच प्लॅटफॉर्म आणि एकही कर्मचारी नाही. फोटो काढायला सगळेच जातात, मला मात्र तिथली तिकिटाची सिस्टीम बघायची होती.

मात्सुयामा शहरातून डिझेलवर चालणाऱ्या एका डब्याच्या गाडीने साधारण तासाभरात पोहोचलो. उतरायला मागच्या दारापाशी उभा राहिलो, पण ते उघडेचना! चालकाने आरशातून पाहिलं आणि हाताने पुढे बोलावलं. तेव्हा कळलं की स्टेशनमास्तर, तिकीट कलेक्टर आणि गार्ड, तिघांचंही काम हा एकटा चालकच करतो. जपानीत याला 'वानमान' म्हणतात.

आता हे चालतं कसं ते बघू. विना-कर्मचारी स्टेशनवर मागच्या दाराने चढायचं. दाराशी एक छोटं मशीन असतं, त्यातून नंबर छापलेली चिठ्ठी ओढून घ्यायची. हिला 'सेइरिकेन' म्हणतात. चालकाच्या वर एक बोर्ड असतो, त्यावर प्रत्येक नंबरखाली भाडं दिसतं आणि गाडी पुढे जाईल तसं ते वाढत जातं. समजा तुमची चिठ्ठी ५ नंबरची आहे, तर ५ खालची रक्कम बघायची. मग चिठ्ठी आणि नेमके पैसे चालकाजवळच्या डब्यात टाकून पुढच्या दाराने उतरायचं. डबा उरलेले पैसे परत देत नाही, म्हणून सुट्टे आधीच करून घ्यायचे. त्याची सोय त्याच मशीनमध्ये असते, पण साधारणपणे १,००० येनपर्यंतचीच नोट चालते. मोठ्या स्टेशनवर उतरत असाल तर चिठ्ठी दाखवून गेटवर पैसे भरता येतात. परतताना मी तेच केलं.

"पण माझ्या फोनमध्ये सुइका आहे ना!" असं म्हणाल, तर थांबा. सुइका फेलिका नावाच्या चिपवर चालतं. आयफोन ८ पासूनचे आयफोन कुठेही घेतलेले असले तरी चालतात. अँड्रॉइड मात्र जपानमध्ये विकलेलाच लागतो. आणि शिमोनादाला कार्ड टेकवायला रीडरच नाही. खरी गंमत (म्हणजे डोकेदुखी) पुढे आहे: शहरात कार्ड टॅप करून चढलात आणि रीडर नसलेल्या स्टेशनवर उतरलात, तर प्रवास अर्धवट नोंदलेला राहतो. मग एखाद्या कर्मचाऱ्याने ती नोंद काढेपर्यंत कार्ड पुढच्या गेटवर चालत नाही. त्यामुळे अशा मार्गावर जाताना कागदी तिकीट घ्या आणि खिशात नाणी ठेवा.

जपानमधली जवळजवळ निम्मी स्टेशनं आता अशीच आहेत. गावं रिकामी होतायत, प्रवासी कमी, पगार परवडत नाहीत. तिकिटाचं काम मशीनने उचललं हे खरं, पण व्हीलचेअरसाठी रॅम्प लावायला माणूसच लागतो. तो दुसऱ्या स्टेशनवरून यावा म्हणून प्रवाशाला आधी कळवावं लागतं. मनात आलं आणि निघालो, हे त्यांना जमत नाही. याच कारणावरून २०२० मध्ये क्युशू बेटावरच्या ओइता शहरातले अपंग प्रवासी रेल्वे कंपनीविरुद्ध कोर्टात गेले.