चौथी चूल

आमच्या घरात धरण, भूकंप आणि संप हे शब्द कालगणनेसारखे वापरले जातात. थोरल्या आत्याचा जन्म धरणाच्या आधीचा, वडील भूकंपात तान्हे होते, काकाचं लग्न संपामुळे लांबलं. शाळेत इतिहास शिकताना मला सनावळ्या फारशा पाठ कराव्या लागल्या नाहीत. त्या जेवताना कानांवर पडतच होत्या.

सांगणारी आजी. तिचं सासर हेळवाकच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या काठावर. नदीलगत भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरी, घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणमातीनं लिंपलेल्या. आजोबा लग्नाआधीपासून मुंबईत गिरणीला. त्या खोऱ्यातल्या घराघरांतला एक तरी गडी तेव्हा मुंबईला असायचाच, कारण खाचर कितीही चांगलं असलं तरी घरातल्या साऱ्या भावांना पुरायचं नाही.

धरणाचं पाणी चढू लागलं ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला. शिवसागर हे नाव नंतरचं. आजी त्याला नुसतं ‘पानी’ म्हणते. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. कुणी रायगडला गेलं, कुणी ठाणे-सोलापूरकडे, आणि बरेच जण आमच्यासारखे तिथल्या तिथेच डोंगरावर वर सरकले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. तोवर जे उठले ते मिळेल ती भरपाई घेऊन उठले. भैरीचा दगड आधी वर नेला, मग जनावरं, मग माणसं. ‘रडलीस का गं?’ असं मी लहानपणी विचारलं होतं. आजी म्हणाली, ‘रडाया येळ कुठं व्हता? पावसाच्या आत छप्पर घालायचं व्हतं.’

कोयनेची वीज पोफळीच्या वीजघरातून निघाली आणि मुंबईला गेली. म्हणजे ज्या गिरणीत आजोबा साचे चालवत होते तिथपर्यंत त्यांचीच जमीन एका अर्थानं तारेतून पोहोचली होती. गावात मात्र पुढे कितीतरी वर्षं रॉकेलच्या चिमणीवरच भागवलं. आजी हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही, पण सांगायचं विसरतही नाही.

भरपाईच्या पैशातून त्यांनी वर नवं घर बांधलं, आणि प्रथमच दगडाच्या भिंती घातल्या. त्याचा केवढा अभिमान होता! ११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट. चार वाजून गेलेले, थंडी कडाक्याची, माणसं घोंगड्यांत. मातीत बसवलेले ते गोल दगड धक्क्यानं सुटले आणि वरची कौलं त्यांच्याबरोबर खाली आली. त्या पहाटे कोयना परिसरात पावणेदोनशेच्या पुढं माणसं गेली, कोयनानगर वसाहत जमीनदोस्त झाली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. पाणी साठल्यानंतर तिथे हादरे सुरू झाले होते, आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांची चर्चा निघाली की जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही कोयनेचं नाव घेतात. आजीला यातलं शास्त्र ठाऊक नाही. तिला दिसलं ते एवढंच, की दगडाचं घर पडलं आणि बाजूचा कारवीचा गोठा नुसता हलून जागेवर राहिला. माझ्या वडिलांना पोटाशी धरून तिनं पुढचे दिवस त्या गोठ्यात काढले. पहिली चूल पाण्याखाली गेली होती, दुसरी दगडांखाली.

तिसरी लालबागला पेटली. आजोबा गावकऱ्यांच्या खोलीत राहत. गावच्या मंडळानं घेतलेली खोली, पाळीपाळीनं झोपणारे गडी, भिंतीला ओळीनं पत्र्याच्या ट्रंका. आजी पोरं घेऊन आली तेव्हा आजोबांनी चाळीत वेगळी खोली धरली आणि त्याच खोलीत तिनं खानावळ घातली. गिरणगावात अशा खानावळी घालणाऱ्या बायका हजारोंनी होत्या. महिनाभर जेवू घालायचं, पगार झाला की पैसे घ्यायचे. तोवर धान्य वाण्याकडून उधार आणि रोकड सावकाराकडून, जबर व्याजानं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी अंगठा सोडून सही शिकली ती बँकेच्या कागदासाठी. धीर, जिद्द हे शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत. या मंडळाबद्दल मात्र ती देवळाबद्दल बोलावं तशी बोलते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. या संपावर भरपूर लिहिलं गेलंय, पण बहुतेक लिखाण गिरणीच्या फाटकाशी थांबतं. फाटकाबाहेरच्या खानावळीचं काय झालं ते थोड्यांनीच नोंदवलं. पगार थांबला, जेवणाऱ्यांची बाकी थकली, मग एकेक जण ट्रंक उचलून गावी गेला. ‘आल्यावर देतो’ म्हणून गेले, ते आलेच नाहीत. त्यांना दोष द्यायला आजी तयार नाही. वाणी मात्र रोज दारात. तिनं पितळेची पातेली मोडीत घातली, वाण्याला निम्मे पैसे दिले आणि उरलेल्यासाठी मुदत मागितली. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. तो नुसता विरत गेला. आजोबांची गिरणी उघडली तेव्हा त्यांना परत घेतलं नाही.

इथे मला माझं एक मत मांडायचंय, घरात ते सगळ्यांना पटत नसलं तरी. पुन्हा उभं राहणाऱ्यांच्या गोष्टी आपण छातीठोकपणे सांगतो, कारण त्या सांगितल्या की त्यांना पाडलं कुणी हे विचारावं लागत नाही. आजीकडे काळीज होतं, यात शंका नाही. पण प्रत्येक वेळी कुणीतरी आधी तिच्यावर विश्वास टाकला होता. भूकंपानंतर चुलत जावेनं बियाणाचं भात दिलं, चाळीत वाण्यानं पहिलं पोतं उधार टाकलं, संपानंतर त्याच वाण्यानं मुदत वाढवली. ज्यांना असं कुणी भेटलं नाही ती माणसंही आजीइतकीच काटक होती. त्यांच्या गोष्टी सांगायला कुणी उरलं नाही, इतकाच फरक.

चौथ्यांदा तिनं जेवणाचा नाद सोडला आणि फक्त पोळ्या लाटल्या. दादर-परळच्या कँटीनना पोळ्या मोजून द्यायच्या, पैसे हातोहात. उधारीवर कुणाला जेवू घालायचं नाही, हा तिचा नवा नियम. तो मोडताना मीच तिला अनेकदा पाहिलंय.

मध्यंतरी माझ्या चुलतभावाचं हॉटेल बंद पडलं, त्याआधीचा टेम्पोचा धंदाही बुडाला होता. घरात जो तो त्याला धीर देत होता आणि तो आणखी खचत होता. आजीनं त्याला समोर बसवलं. ‘देनं किती हाय?’ तो म्हणाला, जाऊ दे. तिनं नातीकडून वही मागवली आणि एकेक नाव लिहायला लावलं. दूधवाला, गॅसवाला, भाडं, बँक, मेव्हणा. बेरीज झाल्यावर ती म्हणाली, ‘यातला कोन अजून तुझ्याशी बोलतोय, त्याच्यापुढं खूण कर.’ दोघांपुढे खुणा झाल्या. त्यातला दूधवाला निघाला दिलदार. भाऊ आता पहाटे त्याच्याच गाडीवर फिरतो आणि हप्त्याहप्त्यानं त्याचं देणं फेडतो; मेव्हण्याचं नाव अजून वहीत तसंच आहे.