मऊ प्लॅस्टिकची आमिषे : रंग आणि अखेरचा हात

गळाला लावण्याचे मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ निक क्रीम यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन येथे घडवले. अशी आमिषे आज अनेक हौशी मंडळी घरीच ओततात. यांचा रंग वरून चढवायचा नसतो, द्रवातच मुरवायचा असतो. कारण साधा रंग लवचिक अंगावर तडकून निघतो.

मूळ द्रव्य प्लॅस्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊपणा देणारा तेलकट द्रव यांचे दुधाळ मिश्रण. सुमारे १७५ अंश सेल्सिअसला ते पारदर्शक होते. त्यात रंग थेंबाथेंबाने घालावा आणि थोडा नमुना निववून छटा पाहावी. चमकी शेवटी घालून ढवळत राहावे, अन्यथा ती तळाशी बसते. पाठ गडद व पोट फिकट हवे असल्यास उघड्या साच्यात पहिला थर गरम असतानाच दुसरा ओततात.

मिश्रण करपले तर पिवळे पडते आणि हायड्रोजन क्लोराइड हा श्वासमार्गाला घातक वायू सुटतो. साच्यात पाण्याचा थेंब राहिल्यास तप्त द्रव उसळून अंग भाजते. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, चष्मा व हातमोजे घालूनच करावे. त्याची भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत.

तयार आमिषे रंगानुसार वेगळी ठेवावीत, कारण रंग एकमेकांत उतरतात. फसलेली आमिषे पुन्हा वितळवता येतात. ती पाण्यात टाकू नयेत. हे गांडूळ कुजत नाही.