वाराणसीतील अपार्टमेंट मालक संघटना: अधिकार किती आणि मर्यादा कोणत्या?

तुम्ही वाराणसीत फ्लॅट घेतला असेल, तर इमारतीच्या मालक संघटनेशी तुमचा संबंध येणारच. ही संघटना दरमहा देखभाल शुल्क मागते, नियम ठरवते आणि वेळप्रसंगी नोटीसही पाठवते. रहिवाशांवर असा अधिकार तिला असावा का, हा प्रश्न अनेकांना पडतो. लिफ्ट, जिना, पाण्याची टाकी आणि गच्ची एकट्या कोणाची नसते, म्हणून कोणाकडे तरी हा अधिकार असणे आवश्यक आहे. मात्र तो सामाईक बाबींपुरता आहे, तुमच्या घरातल्या जगण्यावर नाही. ही सीमा कुठे आहे, ते या लेखात समजून घ्या.

कोणता कायदा लागू होतो?

उत्तर प्रदेशात चार किंवा अधिक सदनिका असलेल्या निवासी इमारतींना २०१० चा उत्तर प्रदेश अपार्टमेंट अधिनियम लागू होतो. नमुना उपविधी २०११ मध्ये आले. संघटना स्थापन करणे ही विकासक आणि सदनिकाधारक यांची संयुक्त जबाबदारी आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी एक फरक लक्षात ठेवावा. 'सोसायटी' हा शब्द दोन्हीकडे चालतो, पण कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रातील बहुतेक गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली येतात आणि त्यांच्या तक्रारी सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जातात. वाराणसीतील मालक संघटनेची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली होते, त्यामुळे तक्रारीची वाटही वेगळी आहे. हिंदी कागदपत्रांतील 'अनुरक्षण शुल्क' म्हणजे देखभाल शुल्क आणि 'सक्षम प्राधिकारी' म्हणजे वाराणसी विकास प्राधिकरणाचे उपाध्यक्ष.

संघटना काय करू शकते?

• सामाईक जागांची देखभाल करणे आणि त्याचा खर्च सर्व सदनिकाधारकांकडून वसूल करणे.
• उपविधींचे पालन करायला लावणे. पालन न झाल्यास नुकसानभरपाई किंवा मनाई हुकूम मिळवण्यासाठी दावा करणे.
• इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचवणारे बांधकाम रोखणे. खांब किंवा तुळई तोडून खोली वाढवणे ही तुमची खासगी बाब ठरत नाही.
• विकासकाविरुद्ध सर्वांच्या वतीने उभे राहणे.

शेवटचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे, हे नोएडातील एमराल्ड कोर्ट प्रकरणात दिसले. तेथील रहिवाशांच्या संघटनेने २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात धाव घेतली. सदनिकाधारकांच्या संमतीशिवाय उभारलेले दोन उंच टॉवर पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कायम ठेवला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते पाडले गेले. त्या निकालात ज्या २०१० च्या कायद्याचा आधार घेतला गेला, तोच वाराणसीलाही लागू आहे.

संघटना काय करू शकत नाही?

• सामाईक जागेतील तुमचा अविभक्त हिस्सा बदलणे. त्यासाठी सर्व सदनिकाधारकांची लेखी संमती आणि सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते.
• पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणे. बहुमताने ठराव झाला तरी अशी बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तुमच्या प्राण्याचा उपद्रव होऊ न देणे ही मात्र तुमची जबाबदारी आहे.
• संपूर्ण संकुलासाठी एकच वीजजोडणी की घरटी स्वतंत्र जोडणी, हे परस्पर ठरवणे. केंद्राच्या नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार हा निर्णय वीज कंपनीने घेतलेल्या पारदर्शक मतदानातून व्हायचा आहे. वाराणसीत ही कंपनी म्हणजे पूर्वांचल विद्युत वितरण निगम.

तक्रार असल्यास काय करावे?

१. संघटनेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि उपविधींची प्रत मागा. उत्तर प्रदेशात संस्थेच्या नोंदणीची मुदत पाच वर्षे असते, त्यामुळे नूतनीकरण झाले आहे का ते पाहा.
२. नोटीस आली असेल, तर ती कोणत्या उपविधीच्या आधारे दिली आहे, हे लेखी विचारा.
३. हिशेबाबद्दल शंका असल्यास ती आमसभेत मांडा आणि तिची नोंद इतिवृत्तात करून घ्या.
४. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीबाबत वाद असल्यास किमान एक चतुर्थांश सभासद तो विहित प्राधिकाऱ्याकडे नेऊ शकतात.
५. विकासक सामाईक जागा संघटनेच्या ताब्यात देत नसेल, तर उत्तर प्रदेश रेराकडे तक्रार करा.

वाद चालू असला तरी देखभाल शुल्क परस्पर बंद करू नका. आक्षेप लेखी नोंदवून रक्कम भरल्यास तुमची बाजू भक्कम राहते.

लक्षात ठेवा

संघटना ही सदनिकाधारकांचीच असते. आमसभेला मोजकेच लोक आले, तर सर्वांचा अधिकार त्या मोजक्यांच्या हाती जातो आणि मग तो जाचक वाटू लागतो. म्हणून सभेची सूचना आली की हजर राहा, हिशेब वाचा आणि मतदान करा. कायद्याने घातलेल्या मर्यादा पाळल्या जातात की नाही, यावर पहिली नजर तुमचीच असायला हवी.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्ष कारवाई करण्यापूर्वी अधिनियमाचा मूळ मजकूर आणि आपल्या संघटनेचे नोंदणीकृत उपविधी पाहावेत.