छत्तिसावं दालन : शॉ ब्रदर्सची वाटचाल

रंगीत काचेमागे दिवा लागावा तशी पडद्यावर एक ढाल उजळते. तिच्यात 'एस' आणि 'बी' ही दोन अक्षरं, आणि मागे वाद्यांचा दणदणीत गजर. ही ढाल मी थिएटरात पाहिली नाही. एका रात्रीसाठी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, शेजारपाजारची पंधरा-वीस मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली असताना पाहिली. कॅसेट घासलेली, रंग उडालेला, संवाद ओठांशी न जुळणारे. आणखी एक गोष्ट तेव्हा कळत नव्हती, पण खटकायची. मारणारा दिसायचा, मार खाणारा मात्र टीव्हीच्या चौकटीबाहेर असायचा. लाथ हवेत जायची आणि आवाज यायचा.

तो चौकटीबाहेरचा माणूस कुठे गेला, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. त्याचं उत्तर शॉ ब्रदर्स या संस्थेच्या वाटचालीत आहे.

शांघाय ते सिंगापूर

निंगबोहून शांघायला आलेल्या व्यापारी घराण्यातले हे भाऊ. थोरले रन्जे शॉ शिक्षणाने वकील, पण जीव रंगभूमीत गुंतलेला. 1925 मध्ये त्यांनी शांघायमध्ये 'तिआनयी' ही चित्रसंस्था काढली. लोककथा, पुराणकथा आणि तलवारबाज वीरांच्या गोष्टी हा तिचा माल. शांघायच्या बाजारात स्पर्धा तीव्र होती, म्हणून भावांनी दक्षिणेकडच्या चिनी वस्त्यांकडे नजर वळवली. रनमी आणि सर्वांत धाकटे, 1907 मध्ये जन्मलेले रन रन सिंगापूरला गेले. मलायाच्या गावोगावी चित्रपट दाखवत त्यांनी थिएटरांची साखळी उभी केली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती शंभराच्या पुढे गेली होती. जपानी फौजांनी सिंगापूर घेतलं तेव्हा भावांनी सोनं-नाणं परसात पुरून ठेवलं आणि युद्ध संपल्यावर तेच उकरून धंदा पुन्हा उभा केला, असं रन रन शॉ पुढे सांगत.

सिंगापूरच्या या पर्वाशी आपलंही नातं आहे. तिथल्या जालान अम्पास भागात शॉंच्या स्टुडिओत मलय भाषेतले चित्रपट तयार होत आणि त्यांचे कितीतरी दिग्दर्शक भारतातून गेलेले होते. बी. एस. राजहंस तर मलय चित्रपटाच्या अगदी पहिल्या पावलापासून त्यात होते. न्यू थिएटर्सचा 'स्ट्रीट सिंगर' करणारे फणी मजुमदार यांनी 1956 मध्ये शॉंसाठी 'हांग तुआह' हा रंगीत मलय चित्रपट दिग्दर्शित केला. पी. रामली हा मलय जगाचा लाडका नट आणि गायक याच स्टुडिओत घडला.

क्लिअरवॉटर बेची चित्रनगरी

1957 मध्ये रन रन शॉ हाँगकाँगला आले आणि पुढच्या वर्षी 'शॉ ब्रदर्स (हाँगकाँग)' ही कंपनी सुरू झाली. क्लिअरवॉटर बे इथल्या टेकडीवर त्यांनी स्वस्तात जमीन घेतली, डोंगर कापून सपाटी केली आणि डिसेंबर 1961 मध्ये तिथे 'मूव्हीटाऊन'चं रीतसर उद्घाटन झालं. चित्रीकरणाचे मोठे फ्लोअर, रंगीत फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रणाची सोय, हजारो पोशाखांचं भांडार, नटांसाठी प्रशिक्षण वर्ग, राहायला खोल्या, जेवायला भोजनगृह असं सारं एकाच आवारात होतं. आपल्या 'प्रभात' चित्रसंस्थेची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. इथेही नट, दिग्दर्शक, सुतार, शिंपी सगळी पगारी माणसं होती.

शॉंनी जपानहून छायाचित्रकार तादाशी निशिमोतो यांच्यासारखे तंत्रज्ञ आणले आणि रुंद पडद्याची पद्धत घेतली. तिला नाव दिलं 'शॉस्कोप'. रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहूनही जास्त. ही रुंदी नीट लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

सुरुवातीला गाजले ते संगीतप्रधान चित्रपट. मग 1966 मध्ये किंग हू यांचा 'कम ड्रिंक विथ मी' आला. त्यात बॅले शिकलेली चेंग पेइ-पेइ खाणावळीत एकटी बसलेली असते आणि भोवती गुंड जमतात. ती उठतही नाही, तरी खोलीतला ताण वाढत जातो. पेकिंग ऑपेरातली लय, तो थांबा, तो अचानक आलेला ताशाचा ठोका किंग हू यांनी मारामारीत आणला. पुढच्याच वर्षी चांग चेह यांच्या 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'मध्ये जिमी वांग यू हात तुटलेला वीर झाला आणि त्या चित्रपटाने हाँगकाँगमध्ये दहा लाख हाँगकाँग डॉलरचा टप्पा ओलांडला. चांग चेह यांच्या वीरांना मैत्री प्राणाहून मोठी असे, आणि ते उभ्याउभ्या मरत.

तिसरं नाव लाउ कार-लिउंग यांचं. त्यांचे वडील लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे दक्षिण चीनचे विख्यात वैद्य-मल्ल वाँग फेइ-हुंग यांचे शिष्य. गुरुपरंपरेतून आलेली ही विद्या लाउ यांनी आधी मारामाऱ्या बसवणारा म्हणून आणि मग दिग्दर्शक म्हणून पडद्यावर मांडली. त्यांच्या चित्रपटांत मारामारी म्हणजे शिक्षण असतं. कोणता हात कुठून येतो, पाय का वळतो, चुकलं तर काय चुकलं हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. म्हणून कॅमेरा मागे सरकतो, दोघंही लढवय्ये डोक्यापासून पावलापर्यंत चौकटीत राहतात, एक डाव्या टोकाला, दुसरा उजव्या टोकाला.

भरती आणि ओहोटी

1970 मध्ये निर्मितीची धुरा सांभाळणारे रेमंड चाउ बाहेर पडले आणि त्यांनी 'गोल्डन हार्वेस्ट' काढली. ठरावीक पगाराऐवजी कलाकारांना नफ्यात वाटा देण्याची त्यांची रीत होती. शॉंशी न जमलेला ब्रूस ली तिकडे गेला आणि 1971 च्या 'द बिग बॉस'ने हाँगकाँग हादरवलं. शॉंनी मात्र पश्चिमेचं दार आधी उघडलं. कोरियाहून आलेले दिग्दर्शक जाँग चांग-ह्वा यांचा 1972 चा 'किंग बॉक्सर' वॉर्नर ब्रदर्सने 1973 मध्ये 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' या नावाने अमेरिकेत लावला आणि कुंग फूची लाट आली. ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' त्यानंतर काही महिन्यांनी आला. 'किंग बॉक्सर'मधला नायक लो लिएह, त्याच्या लालबुंद होणाऱ्या तळव्यांसह, अमेरिकी प्रेक्षकांनी ब्रूस लीच्या कुंग फू चित्रपटांच्या आधी पाहिला.

1978 हे वर्ष संस्थेचं शिखर. त्या एकाच वर्षी चांग चेह यांचा 'द फाइव्ह व्हेनम्स' आला आणि लाउ कार-लिउंग यांचा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. पण घरोघरी टीव्ही आला होता, आणि गंमत अशी की तो आणणाऱ्यांत रन रन शॉ स्वतःच होते. 1967 मध्ये सुरू झालेल्या टीव्हीबी वाहिनीच्या संस्थापकांपैकी ते एक. 1980 च्या दशकात त्यांचं लक्ष आणि भांडवल तिकडे वळलं. दशकाच्या मध्यावर मूव्हीटाऊनमधली चित्रपटनिर्मिती थांबली आणि ते फ्लोअर मालिकांच्या कामी आले. संस्थेने जवळजवळ हजार चित्रपट केले होते. त्यांच्या निगेटिव्ह बंद गोदामात गेल्या.

कपाटात मूळ, घरात सावली

इथून एक विचित्र काळ सुरू होतो. शॉ ब्रदर्स आपला मूळ साठा घरगुती वापरासाठी बाहेर काढेना, आणि नेमक्या त्याच काळात जगभरच्या घरांत हे चित्रपट पोचले. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या आरंभी शनिवारी दुपारी टीव्हीवर इंग्रजी डबिंग केलेले शॉ चित्रपट लागत. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतली कृष्णवर्णीय मुलं ते पाहत मोठी झाली. त्यांतल्याच काहींनी 'वू-टँग क्लॅन' हा रॅप गट काढला आणि 1993 मध्ये पहिल्याच अल्बमच्या नावात शाओलिनची छत्तीस दालनं आणली. आपल्याकडे तेच चित्रपट व्हिडिओ पार्लरमध्ये आणि भाड्याच्या कॅसेटवर आले.

पण घरात पोचत होती ती मूळची सावली. शॉस्कोपची रुंद चौकट जुन्या, जवळपास चौकोनी टीव्हीत बसवताना चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कापला जाई. लाउ कार-लिउंग यांनी जे दोन टोकांना उभे केले होते, त्यातला एक कायमचा बाहेर. माझ्या लहानपणीचा मार खाणारा माणूस असा हरवला होता. तो बहुतेक वेळा नावही ठाऊक नसलेला स्टंटमन असे. पडणं हेच त्याचं काम, आणि आम्हाला त्याचं पडणंच दिसत नव्हतं.

दार उघडलं

2000 च्या सुमारास मलेशियातल्या एका उद्योगसमूहाच्या 'सेलेस्टियल पिक्चर्स' या कंपनीने 760 चित्रपटांचा हा साठा घेतला. निगेटिव्ह बाहेर काढून त्या साफ करायच्या, संगणकावर उतरवायच्या, ओरखडे, डाग आणि उडालेला रंग एकेका चौकटीवर दुरुस्त करायचे, असं काम सुरू झालं. डिसेंबर 2002 मध्ये पहिल्या डीव्हीडी दुकानांत आल्या. पूर्ण रुंदी, मूळ मँडरिन भाषा, खाली उपशीर्षकं. मूळ ध्वनीवर नवे आवाज चढवल्याबद्दल जाणत्या रसिकांनी तक्रार केली, आणि ती रास्त होती. जुनं चित्र उजळताना जुना आवाज मारू नये. तरीही 'कम ड्रिंक विथ मी'च्या खाणावळीतले लाकडाचे, कपड्यांचे, कंदिलांचे रंग पहिल्यांदा पाहिले तेव्हा आपण इतकी वर्षं काय पाहत होतो, असं वाटलं.

एक चुटपुट मात्र राहते. चांग चेह जून 2002 मध्ये गेले, लो लिएह नोव्हेंबरमध्ये. पहिल्या डीव्हीडींपासून काही महिने, काही आठवडे, एवढंच अंतर होतं.

आणि एक दुखरी गोष्ट आपल्या घरची. पहिल्या डीव्हीडी आल्या त्यानंतर साधारण महिन्याभराने, जानेवारी 2003 मध्ये, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्यातली जुन्या चित्रपटांची नायट्रेट रिळं आगीत गेली. आपल्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची, प्रतही आज नाही. म्हणून शॉंच्या त्या बंद गोदामाविषयी माझ्या मनात राग आणि कृतज्ञता दोन्ही आहेत. त्यांनी चित्रपट कुणाला दाखवले नाहीत, पण निगेटिव्ह राखल्या. राखलेलं कधीतरी दाखवता येतं. जळलेलं नाही.

रन रन शॉ जानेवारी 2014 मध्ये, वयाची शंभरी केव्हाच ओलांडून, गेले. पुढच्या वर्षी क्लिअरवॉटर बेच्या आवाराला हाँगकाँगमध्ये पहिल्या श्रेणीच्या ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. डिसेंबर 2021 मध्ये ब्रिटनच्या 'ॲरो' या संस्थेने 'शॉस्कोप' नावाचा बारा चित्रपटांचा ब्लू-रे संच काढला. काही चित्रपट पुन्हा मूळ निगेटिव्हवरून उतरवलेले, सोबत अभ्यासकांची भाष्यं आणि जुन्या कलावंतांच्या मुलाखती. पहिलं मानाचं पान 'किंग बॉक्सर'ला. वर्षभरात चौदा चित्रपटांचा दुसरा संच आला, आणि त्यात 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर' होता.

त्या चित्रपटात गॉर्डन लिउने केलेला सान ते हा भिक्षू शाओलिन मठाची पस्तीस दालनं पार करतो. पाण्यावरून चालणं, जड घंटेचा ठोका, डोक्याने पिशव्या ढकलणं, वर्षानुवर्षं. शेवटी कुठल्याही दालनाचं प्रमुखपद माग, असं त्याला सांगतात. तो म्हणतो, मला छत्तिसावं दालन हवं, जे नाहीच. विद्या मठाबाहेरच्या सामान्य माणसांना शिकवणारं. मठाला हे रुचत नाही, त्याला बाहेर पाठवलं जातं, आणि ते दालन बाहेरच उभं राहतं.

गेल्या वर्षी हा चित्रपट मी घरी भाच्याला दाखवला. आता टीव्ही रुंद आहे. सान ते तीन तुकड्यांचा दंड फिरवतो तो प्रसंग आला. भाचा उठून पडद्याच्या उजव्या टोकाशी गेला आणि बोट ठेवून म्हणाला, "मामा, हा बघ कसा पडतो!"

मी मागे नेऊन तो प्रसंग पुन्हा लावला, आणि त्या पडणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं.