प्रतिकारयंत्रणाच जेव्हा शरीराचा तोल बिघडवते

रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा क्वचित प्रसंगी स्वतःच्याच मेंदूतील पेशींना परके समजते. त्यातून हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होतात किंवा शरीराचा तोल जातो. मेंदूचा कोणता भाग बाधित झाला आहे, यावर लक्षणे अवलंबून असतात.

सिडनहॅम कोरिया हे याचे ठळक उदाहरण. इंग्रज वैद्य टॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. तो प्रामुख्याने ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत, त्यातही मुलींमध्ये अधिक आढळतो. घशात स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंचा संसर्ग झाला की शरीर प्रतिपिंडे तयार करते. जीवाणूंच्या व मेंदूतील काही घटकांत साम्य असल्याने ही प्रतिपिंडे हालचालींचे नियमन करणाऱ्या बेसल गँग्लिया या भागावर परिणाम करतात, असे मानले जाते.

घसा बरा होऊन काही आठवडे किंवा महिने लोटल्यावर लक्षणे दिसू लागतात. अक्षर बिघडते, हातातील वस्तू पडतात, चेहरा व हातपाय अकारण हलतात. झोपेत मात्र या हालचाली थांबतात. चिडचिड आणि रडवेलेपणाही वाढतो. घसादुखीचा विसर पडलेला असल्याने मूल खोड्या करते, असा समज होऊन त्याला बोलणी बसतात. हा विकार बहुधा काही महिन्यांत ओसरतो. परंतु तो संधिवाती तापाचा भाग असल्याने हृदयाच्या झडपांची तपासणी अत्यावश्यक ठरते. संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून पेनिसिलिन अनेक वर्षे द्यावे लागते.

तोल आणि हालचालींतील सुसूत्रता लहान मेंदू सांभाळतो. तो बाधित झाल्यास चाल अडखळते, बोलणे जड होते. मुलांमध्ये कांजिण्यांनंतर असे घडू शकते व ते सहसा आपोआप बरे होते. प्रौढांमध्ये गव्हातील ग्लूटेनविरुद्धची प्रतिक्रिया हे एक कारण असते. स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाविरुद्ध उभी राहिलेली यंत्रणाही लहान मेंदूवर उलटू शकते. कधी कधी तर कर्करोगाचे निदान होण्यापूर्वीच.

कारणानुसार स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणे किंवा ग्लूटेनविरहित आहार असे उपचार केले जातात. मात्र नष्ट झालेल्या चेतापेशी परत मिळत नाहीत. म्हणूनच काही दिवसांत वा आठवड्यांत तोल बिघडू लागल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे आणि अलीकडे येऊन गेलेल्या घसादुखीचा किंवा तापाचा उल्लेख आवर्जून करावा.