गर्भनिरोधक योनी-रिंग

योनिमार्गात ठेवायची, संप्रेरके सोडणारी लवचिक प्लास्टिकची कडी. अशा रिंगांपैकी नुवारिंग ही सर्वांत परिचित. नेदर्लंड्सच्या ऑर्गनॉन कंपनीने विकसित केलेल्या या रिंगला अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली. तिचा बाह्य व्यास 54 मिमी, जाडी 4 मिमी असते. तिच्यातून रोज सुमारे 120 मायक्रोग्रॅम इटोनोजेस्ट्रेल व 15 मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल स्रवते. ही संप्रेरके योनीच्या अस्तरातून रक्तात जाऊन बीजमोचन थांबवतात. गर्भाशयमुखातील स्रावही दाट होतो.

रिंग स्त्री स्वतःच बसवते. नेमकी जागा साधावी लागत नाही. तीन आठवडे आत, एक आठवडा बाहेर, मग नवी रिंग. बाहेरच्या आठवड्यात पाळीसारखा रक्तस्राव होतो. रोजची गोळी विसरण्याची धास्ती उरत नाही, हा तिचा खरा फायदा. मात्र रिंग निसटून तीन तासांहून अधिक बाहेर राहिली, तर पुढचे सात दिवस निरोधही वापरावा लागतो. अचूक वापरात वर्षाला शंभरांत एकीपेक्षा कमी, तर प्रत्यक्ष व्यवहारात सुमारे सात स्त्रियांना गर्भ राहतो.

मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणे, योनिस्राव वाढणे हे त्रास संभवतात. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका क्वचित, पण गंभीर. पस्तिशीपुढील धूम्रपान करणाऱ्या, पूर्वी गुठळी किंवा स्तनाचा कर्करोग झालेल्या, तसेच दृष्टिभ्रमासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांनी ती वापरू नये. बाळंतपणानंतर लगेचही ती टाळावी.

पॉप्युलेशन कौन्सिलने विकसित केलेली, वर्षभर चालणारी अ‍ॅनोव्हेरा ही दुसरी रिंग 2018 मध्ये मान्य झाली. लैंगिक संसर्गापासून कोणतीही रिंग संरक्षण देत नाही.